निकालानंतरचा वकील : येरवडा, शिवाजीनगर आणि फाशीच्या कैद्यांचे कागद

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, की फाशीची शिक्षा झाल्यानंतर वकिलाचं काम उरतंच काय? खटला संपला, पुरावा झाला, निकाल लागला. मग वकील काय करणार? आणि त्यासाठी वेगळं शिक्षण कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपण पुण्यातच शोधणार आहोत, कारण त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात फाशी दिली जाते ती दोनच तुरुंगांत, येरवडा आणि नागपूर. त्यातला एक आपल्या शहरात आहे. आणि जिथून शिक्षा सुनावली जाते, वॉरंट निघतं, ते सत्र न्यायालय शिवाजीनगरला आहे. या दोन ठिकाणांमध्ये अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरचं. पण या अंतरात कागद किती वर्षं अडकू शकतात, हा आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

सुरुवात जरा मागून करू. १८९८ सालचं येरवडा. रँड आणि आयर्स्ट यांच्या वधासाठी दामोदर चापेकर फाशीची वाट बघत होते. त्याच वेळी राजद्रोहाच्या शिक्षेखाली लोकमान्य टिळकही येरवड्यात होते. टिळक नुसते संपादक नव्हते. ते कायद्याचे पदवीधर होते, पुण्यात त्यांनी लॉ क्लास चालवलेला होता. दामोदरपंतांचा अर्ज टिळकांनी तुरुंगात लिहून दिला आणि आपल्याजवळची गीताही दिली, ही आठवण पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अर्जाचा उपयोग झाला नाही. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकरांना फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण हे तिघेही एकापाठोपाठ गेले.

ही गोष्ट आपण देशभक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण आज तिच्याकडे थोडं वेगळ्या बाजूने बघू. शिक्षा कायम झाल्यावर कैद्याला अर्ज कोण लिहून देणार? शेजारच्या कोठडीत योगायोगाने कायदा जाणणारा माणूस असला तर तो. नसला तर कोणी नाही. म्हणजे सगळा भार योगायोगावर. हा योगायोग पुढची शंभर वर्षं आपल्याकडे व्यवस्था म्हणून चालला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता कायदा काय म्हणत होता ते बघू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हीच नेहमीची शिक्षा मानली होती. न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणं लिहायची. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली. १९७३ ची नवी संहिता आली तेव्हा चाक उलटं फिरलं. जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद झाला. फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ लिहायची. शिवाय दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकायचं, हेही त्याच संहितेने सांगितलं.

हा बदल कागदावर दोन ओळींचा होता. पण वकिलाच्या कामाचं स्वरूप त्याने मुळापासून बदललं. तोपर्यंत फौजदारी वकिलाचा प्रश्न एकच असे, की याने केलं की नाही? साक्षीदार खोटा आहे का, पंचनामा नीट झाला का, हत्यार कुठे सापडलं? आता त्यापुढे दुसरा प्रश्न आला. केलं असेल, तर हा माणूस कोण आहे? कुठे वाढला? किती शिकला? डोकं ठिकाणावर होतं का? सुधारू शकतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोलिसांच्या फाइलीत शोधता येतं. दुसऱ्याचं तिथे मिळत नाही. त्यासाठी गावी जावं लागतं, आईशी बोलावं लागतं, शाळेचं रजिस्टर उघडावं लागतं. हे कोणत्या लॉ कॉलेजात शिकवत होते? प्रामाणिक उत्तर असं आहे, की कुठेच नाही.

पुण्यावर हा ठपका ठेवताना एक गोष्ट लक्षात घेऊ. पुणं हे कायद्याच्या शिक्षणाचं जुनं केंद्र आहे. आय.एल.एस. लॉ कॉलेज १९२४ पासून चालू आहे. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात फाशीच्या शिक्षेची घटनात्मकता ज्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उचलून धरली, त्याचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. जन्म पुण्याचा, कायद्याचं शिक्षण आय.एल.एस.चं. चार विरुद्ध एक असा तो निकाल. विरोधी मत न्यायमूर्ती भगवतींचं. बहुमताने फाशी ठेवली, पण अट घातली : अत्यंत दुर्मीळ प्रकरणांतच. आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघायचा. तो सुधारण्याची शक्यता नाही, हे सरकारने दाखवायचं.

नियम तर फार उदात्त होता. पण गुन्हेगार ‘बघायचा’ कसा? न्यायाधीशासमोर जे ठेवाल तेच तो बघणार. ठेवायचं काम वकिलाचं. आणि प्रत्यक्षात शिक्षेवरचा युक्तिवाद दहा मिनिटांत संपायचा : आरोपी तरुण आहे, म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया व्हावी. झालं. ही तीन-चार वाक्यं आपण इतक्या निकालपत्रांत वाचतो, की ती छापील फॉर्मवरून उतरवली असावीत असं वाटतं.

इथे आणखी एका पुण्याशी जोडलेल्या खटल्याचं नाव घ्यायला हवं, माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र शासन, १९७८. हा फाशीचा खटला नव्हे. होसकोट प्राध्यापकी पेशातले होते, विद्यापीठाच्या बनावट पदव्यांचं प्रकरण होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात ते पोहोचले चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर. का? तर निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असं त्यांचं म्हणणं. उच्च न्यायालयाने प्रत वेळेत पाठवली होती, येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे. तुरुंगाचं म्हणणं असं, की कारकुनाने ती कैद्याला दिली होती, पण राज्यपालांकडे जाणाऱ्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. कैद्याची पोच? ती कुठेच नाही.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी होसकोटांची याचिका फेटाळली, पण त्यातून दोन तत्त्वं घालून दिली. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि त्याची पोच घेतली पाहिजे. आणि अपील करायला वकील नसेल तर सरकारने दिला पाहिजे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क म्हणून मोफत विधी साहाय्याचं तत्त्व राज्यघटनेत आलंच होतं. होसकोट निकालाने ते तुरुंगाच्या दारापर्यंत आणलं. विचार करा, अपिलातल्या मोफत वकिलाचा हक्क या देशात रुजला, त्याच्या मुळाशी येरवड्याच्या कार्यालयातली एक न घेतलेली पोच आहे.

पण वकील ‘देणं’ आणि वकील तयार असणं यांत फरक आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला. जिल्ह्याजिल्ह्यात पॅनेलं झाली. फाशीचं अपील पॅनेलवरच्या कोणाकडे तरी जायचं. फी तुटपुंजी. पक्षकार येरवड्यात किंवा नागपुरात, वकील मुंबईत. भेट व्हायचीच असं नाही. नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, दिल्ली इथल्या अभ्यासगटाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ साली अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हाच्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांशी ते बोलले. त्यातले ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. उच्च न्यायालयात आपली बाजू कोणी मांडली, त्या वकिलाचं तोंडही पाहिलं नाही, असं सांगणारे कैदी त्यात मोठ्या संख्येने होते.

आता आपण आजच्या मुख्य प्रकरणाकडे येऊ. ते आहे १९९४ सालचं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कोथरूडमध्ये एका घरात सात जणांचे खून झाले. त्यात लहान मुलं होती, एक गर्भवती स्त्री होती. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना त्या घराचं नावही आठवत असेल. जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने १९७६-७७ मध्ये या शहराची झोप उडवली होती, आणि त्यातल्या चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली होती. पुणं ते विसरलं नव्हतं. त्यावर हे. शहर किती हादरलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आरोपी राजस्थानातून आलेली मुलं. एक माफीचा साक्षीदार झाला. दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुनर्विलोकन याचिकाही त्याच वर्षी फेटाळली गेली. म्हणजे कायद्याच्या सगळ्या पायऱ्या संपल्या. खाली उरलं ते फक्त राष्ट्रपतींचं दार.

या दोघांपैकी एकाचं नाव आम्ही इथे घेणार नाही. कारण सांगतो. पोलिसांच्या कागदावर त्याचं जे नाव होतं ते शाळेच्या कागदावरचं नव्हतंच. आणि वय जे लिहिलं होतं, विशीच्या वरचं, तेही शाळेच्या कागदावरचं नव्हतं. बिकानेर जिल्ह्यातल्या एका गावच्या सरकारी शाळेत तो तिसरीपर्यंत शिकला होता. तिथल्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. हिशेब करा. ऑगस्ट १९९४ मध्ये वय किती? साडेबारा वर्षं.

त्या वेळच्या कायद्याने सोळा वर्षांखालचा मुलगा हा बाल-गुन्हेगार. त्याला फाशी देताच येत नव्हती, पुढच्या कायद्यांनुसारही नाही. अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं.

ते रजिस्टर कुठे लपवलेलं नव्हतं. शाळेच्या कपाटातच होतं. १९९४ लाही होतं, १९९८ लाही होतं, २००० लाही होतं. तीन न्यायालयांत खटला चालला, पण वयाचा मुद्दा त्यात मांडला गेला नाही. यात कोणी कट केला असं म्हणण्याचं कारण नाही. वकिलांनी आपापल्या परीने काम केलं असेल. माफीच्या साक्षीदाराची साक्ष कशी अविश्वसनीय आहे, पंचनाम्यात काय खोट आहे, हे सगळं मांडलं गेलं. पण ‘हा मुलगा मुळात आहे किती वर्षांचा?’ हे विचारायला, त्याच्या गावी जाऊन शाळेत चौकशी करायला कोणी गेलं नाही. कारण ते वकिलाचं काम आहे, असं कोणी कधी शिकवलेलंच नव्हतं.

२०१४ नंतर दिल्लीच्या त्याच अभ्यासगटाने, म्हणजे पुढे ‘प्रोजेक्ट ३९-ए’ म्हणून ओळखल्या गेलेल्या केंद्राने, फाशीच्या कैद्यांच्या बाजूने न्यायालयांत काम सुरू केलं. केंद्राच्या नावातला ३९-ए म्हणजे मघाशी सांगितलेला अनुच्छेद ३९-क. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या मुलाच्या वयाचा अर्ज दाखल झाला. मुलाच्या म्हणजे, तोवर तो छत्तिशीचा झाला होता. २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने चौकशी सोपवली कोणाकडे? पुण्याच्याच प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे. ज्या शिवाजीनगरच्या आवारात १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली, त्याच आवारात २०१९ मध्ये शाळेचे कागद तपासले गेले, आणि तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असा अहवाल गेला. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि त्याला सोडण्याचा आदेश दिला. तीन वर्षांच्या जागी अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ, आणि त्यातली पंचवीस फाशीच्या छायेत.

मित्रहो, इथे जरा थांबू. सात माणसं गेली ती परत आली नाहीत. त्या कुटुंबाच्या बाजूने बघितलं, तर २०२३ चा निकाल हा त्यांच्यावर आणखी एक घाव वाटू शकतो. आम्ही ते नाकारत नाही. पण त्यांनाही एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, की हे १९९४ मध्येच का नाही शोधलं? तेव्हा शोधलं असतं तर त्यांच्या दुःखाची फाइल एकोणतीस वर्षं उघडी राहिली नसती. वकील अर्धवट काम करतो तेव्हा त्याची किंमत फक्त कैदी देत नाही.

दुसरं प्रकरणही पुण्याचं. नोव्हेंबर २००७, रात्रपाळीच्या कामावर निघालेल्या एका तरुणीवर बलात्कार आणि खून. गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार. २०१२ मध्ये पुण्यात फाशी, त्याच वर्षी उच्च न्यायालयात कायम, मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम. राज्यपालांनी २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले. इथवर सगळं रांगेत. पुढचं पाऊल फक्त वॉरंटचं. ते निघालं कधी? एप्रिल २०१९ मध्ये. राष्ट्रपतींचा नकार आणि शिवाजीनगरचं वॉरंट यांमध्ये जवळपास दोन वर्षं. फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९.

२१ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि २९ जुलैला फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची शिक्षा दिली. कारण विलंब. सगळे टप्पे मिळून चार वर्षांहून अधिक काळ अर्ज आणि कागद इकडून तिकडे फिरले, आणि तेवढा काळ दोन माणसं रोज सकाळी ‘आज का?’ असं विचारत उठली. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने, हा निर्णय कायम ठेवला. शिवाय देशभरासाठी आदेश दिले. दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष करायचा. वॉरंट काढण्याआधी कैद्याला नोटीस द्यायची. आणि वॉरंट हातात पडल्यापासून निदान पंधरा पूर्ण दिवस द्यायचे. येरवड्यातच असलेल्या गावित बहिणींची फाशीही जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने विलंबाच्याच कारणाने जन्मठेपेत बदलली होती. दयेचा अर्ज निकाली निघायला सात वर्षांहून जास्त लागली होती.

काही जण म्हणतात, या तांत्रिक पळवाटा आहेत. आम्ही त्यांना विचारतो, की वॉरंट दोन वर्षं कोणी लांबवलं? कैद्याने? त्याच्या वकिलाने? तारखांचा तक्ता मांडून, प्रत्येक कार्यालयाचा आवक-जावक क्रमांक काढून, कोणता कागद कुठे किती दिवस पडून होता हे दाखवणं, हेच तिथे वकिलाचं काम होतं. ते शिकल्याशिवाय येत नाही. आणि ते कोणी केलं नसतं तर सरकारी कार्यालयांची ही ढिलाई आपल्याला कधी कळलीच नसती.

आता थेट प्रशिक्षणाकडे येऊ. अमेरिकेत १९६३ च्या गिडियन निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला. पुढे लक्षात आलं, की फाशीच्या खटल्यात एकटा वकील पुरत नाही. तिथल्या बार असोसिएशनने १९८९ मध्ये आणि सुधारून २००३ मध्ये नियमावली केली : दोन वकील, एक तपासनीस, आणि एक असा माणूस जो आरोपीचं आयुष्य शोधून काढील. त्याला तिथे मिटिगेशन स्पेशालिस्ट म्हणतात. अपिलानंतरच्या कामासाठी तिथे केंद्रंही निघाली होती, पण नव्वदीच्या मध्यावर संसदेने त्यांचे पैसे बंद केले. म्हणजे तिथेही सगळं सरळ झालं असं समजायचं कारण नाही.

आपल्याकडे हे काम निकालांनी एकेक पायरी करत आणलं. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालाने दयेच्या अर्जाच्या टप्प्यावरही, आणि तो फेटाळल्यानंतरही, वकील मिळण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका बंद दालनात न ऐकता खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींसमोर ऐकायची, असं ठरलं. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने, न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने, सांगितलं की आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातलं वर्तन, घरची पार्श्वभूमी हे सगळं न्यायालयासमोर आलंच पाहिजे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्यांची फाशी आधीच कायम झाली पण ही माहिती कधी समोर आलीच नव्हती, त्यांचा शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येईल.

दारं उघडली आहेत. आत कोण जाणार, हा प्रश्न आहे. २०२४ च्या अखेरीस देशात ५६४ जण फाशीच्या शिक्षेखाली होते. प्रत्येकासाठी हे सगळं करायचं तर किती माणसं लागतील?

मग या वकिलाला शिकवायचं काय? एक, कागद. खालच्या न्यायालयाचं सगळं दप्तर मिळवायचं, नुसतं निकालपत्र नव्हे. मराठी जबान्यांचं इंग्रजी भाषांतर मूळ कागदाशी ताडून बघायचं. सर्वोच्च न्यायालय इंग्रजी वाचतं, आणि साक्षीदार बोललेला असतो मराठीत. ‘मला वाटतं तोच होता’ आणि ‘तोच होता’ यांतला फरक भाषांतरात हरवला, तर दिल्लीत तो कोणाला सापडणार नाही.

दोन, भेट. मुलाखतीच्या जाळीपलीकडच्या माणसाने पहिल्याच भेटीत बालपण सांगावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. दहा भेटी लागतात. वकील फार बोलतो ही आपली सवय, इथे ऐकायला शिकावं लागतं. त्यासाठी सोबत समाजकार्याचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो.

तीन, गाव. शाळेचा दाखला, दवाखान्याचे केसपेपर, रेशनकार्ड, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला घर किती वेळा हललं त्याचा माग. भटक्या जमातीतल्या माणसाचा जन्माचा दाखलाच नसतो, तिथे काय करायचं, हेही. २००३ च्या एका प्रकरणात महाराष्ट्रातल्या भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती सहाही जणांना दिली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं नंतर निघालं. पुढे त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन खटला पुन्हा ऐकला, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सोळा वर्षांनी, प्रत्येकी पाच लाख भरपाई घेऊन. अपील, पुनर्विलोकन, सगळं संपलं होतं. तरी कोणीतरी फाइल पुन्हा उघडली म्हणून ते आज जिवंत आहेत.

चार, तारखा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने दयेच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत घातली आहे. तुरुंग अधीक्षकाने कैद्याला निकाल कळवला की दिवस मोजायला सुरुवात. आता होसकोटांची ती न घेतलेली पोच आठवा. चार वर्षं उशीर चालण्याचा जमाना गेला. तीस दिवसांत माणसाचं अख्खं आयुष्य कागदावर आणायचं, तर वकील निकालाच्या आधीपासून तयार पाहिजे.

यातलं काही पुण्यात सुरू झालेलं आहे. महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाबरोबर प्रोजेक्ट ३९-ए ने येरवडा आणि नागपूर तुरुंगांत तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते यांना एकत्र बसवून फेअर ट्रायल हा कार्यक्रम चालवला. तो कच्च्या कैद्यांसाठी होता, फाशीच्या कैद्यांसाठी नव्हे. पण रीत तीच : वकिलाने तुरुंगात जायचं, कार्यकर्त्याने घरी जायचं, आणि दोघांनी एका टेबलाशी बसायचं. फाशीच्या यार्डातल्या माणसाला जे मिळायला हवं, त्याची सुरुवात कच्च्या कैद्यापासून होते. साडेबारा वर्षांच्या मुलाचं वय अटकेच्या आठवड्यात तपासलं गेलं असतं, तर पुढचा सगळा इतिहास घडलाच नसता.

शेवटी एक सांगतो. फाशी असावी की नसावी, यावर या सभागृहात दोन मतं असतील. असू द्यात. आज आम्ही त्या वादात तुम्हाला ओढलेलं नाही. जो फाशीच्या बाजूचा आहे त्यालाही साडेबारा वर्षांचा मुलगा नको असतो, निर्दोष माणूसही नको असतो. मग हे तपासणारा माणूस कोणाला तरी घडवावा लागेल. शहरात इतकी लॉ कॉलेजं आहेत, जिल्ह्याचं विधी सेवा प्राधिकरण आहे, येरवडा तर आहेच. दर वर्षी वीस विद्यार्थ्यांनी एकेका जुन्या फाशीच्या खटल्याचं दप्तर पहिल्या पानापासून वाचावं, कैद्याच्या गावी जावं, आणि शाळेचं रजिस्टर मागावं. अभ्यासक्रम म्हणून एवढी सुरुवातही पुरे आहे.

१८९८ मध्ये येरवड्यात अर्ज लिहून द्यायला टिळक होते. टिळक प्रत्येक कोठडीशेजारी असणार नाहीत. म्हणून वकील शिकवून तयार करावे लागतात.

प्रश्न असतील तर घेऊ.